पडद्यावरचा जिगोलो: एकतर हसं, नाहीतर प्रेत. असं का?

साळुंकी
परवा झोप येईना म्हणून 'अमेरिकन जिगोलो' पुन्हा लावला. १९८० चा, पॉल श्रेडरचा. कॉलेजात पाहिला तेव्हा फक्त रिचर्ड गिअर पाहिला होता, सिनेमा राहूनच गेला होता. या खेपेला एका जागी अडकले. ज्युलियन, म्हणजे गिअरने केलेला जिगोलो, पैसे घेऊन बायकांची शय्यासोबत करणारा पुरुष, बाहेर पडायच्या तयारीत आहे. पलंगावर कोट पसरतो. कोटावर शर्ट, शर्टावर टाय. मागे सरून बघतो, एक टाय उचलतो, दुसरा ठेवतो. तोंडाने गाणं चालू. कपडे सगळे अर्मानीचे, आणि कॅमेरा त्यांच्यावरून असा फिरतो की या कोटांच्या आत नंतर एक माणूस शिरणार आहे हे विसरायला होतं. सुतार कामाला निघण्याआधी पटाशीची धार बघतो ना, तसं वाटलं मला.

आणि पुढे? पुढे खून. तो करत नाही, पण अडकतो. मग एका बड्या घरच्या बाईचं खरं प्रेम त्याला सोडवतं. म्हणजे त्याच्या कामाबद्दल जे सांगायचं ते त्या पलंगावरच संपलं.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. या धंद्यातल्या बाईची गोष्ट असली की तिला करुणा मिळते, गाणं मिळतं, पाऊस मिळतो, शेवटच्या रिळात खोकलाही मिळतो. पुरुषाचं मात्र हसं होतं, नाहीतर तो मरतो, नाहीतर त्याचं लग्न लावून देतात. पैसे घेणाऱ्या पुरुषाकडे सरळ बघायला गोष्ट सांगणाऱ्यांना एवढं अवघड का जातं?

सिनेमा, मालिका, गाणी, पुस्तकं, काहीही चालेल. 'पुरुषांना कसला आलाय त्रास, मजाच की' हा प्रतिसाद पहिल्या पाचात नको. सहाव्यापासून चालेल.

रिकामटेकडा
सहावा नंबर लागेपर्यंत थांबतो.

तिखटमीठ
साळुंकी, हसं का होतं ते सोपं आहे. पुरुषाला 'नको' म्हणता येतं असं कुणी मानतच नाही. तो सदैव तयार, मग त्याला पैसे देणं म्हणजे माशाला पोहायचे पैसे देणं. तिथेच लोक हसतात.

'ड्यूस बिगलो' आठवतोय का? १९९९. मत्स्यालयं साफ करणारा माणूस एका जिगोलोच्या घरची महागडी टाकी फोडतो आणि ती भरून देण्यासाठी त्याचाच धंदा करायला लागतो. विनोद अत्यंत पोरकट आहेत. पण त्यात एक गोष्ट नकळत बरोबर आली आहे. त्याच्याकडे येणाऱ्या बायका चारचौघांत अवघडलेल्या असतात. एक फार उंच, एक बोलता बोलता झोपी जाणारी, एकीच्या तोंडून नको तिथे शिव्या निघतात. आणि तो जवळजवळ सगळा वेळ त्यांना धीर देण्यात घालवतो. गंभीर सिनेमांना जे दिसलं नाही ते या टुकार सिनेमाला दिसलं!

अर्धविराम
+१. आणि मूळ प्रश्नातली गिअरची गंमत राहिलीच. १९८० मध्ये पैसे घेणारा आणि बरोबर दहा वर्षांनी 'प्रिटी वूमन'मध्ये पैसे देणारा. माणूस तोच, हसू तेच, कोट दोन्हीकडे उत्तम. पैसे देणारा झाल्यावर मात्र तो जगभरच्या बायकांचा राजकुमार झाला. यात तुमचं अर्धं उत्तर आहे.

(तो ज्युलियन आधी जॉन ट्रव्होल्टा करणार होता. त्याने ऐनवेळी सोडला म्हणून गिअरचं नशीब उघडलं.)

शब्दखूळ
मुळात आपल्याकडे याला शब्द आहे का? 'जिगोलो' फ्रेंच, 'एस्कॉर्ट' इंग्रजी. 'वेश्या'ला पुल्लिंग नाही. 'पुरुषवेश्या' म्हणजे शब्दाला मिशा लावल्यासारखं. 'भाडखाऊ' जवळचा वाटतो, पण तो दुसऱ्याच्या कमाईवर जगणारा, स्वतः राबणारा नव्हे. 'ठेवलेली' आहे, 'ठेवलेला' म्हटलं की 'कुठे?' असं विचारतील. 'अंगवस्त्र' तर कायम बाईच.

खवचट आजोबा
शब्दखूळ, 'ते अंगवस्त्र' मुळात नपुंसकलिंगी आहे. दोघांनाही चालेल. वापरा बिनधास्त.

साळुंकी
आजोबा, दंडवत. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

शब्दखूळ
दंडवत माझ्याकडूनही. संस्कृत नाटकांतला 'विट' कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, तो नव्हे. कामसूत्रातला विट म्हणजे सगळी संपत्ती उडवून बसलेला, पण गुणी, गणिकांच्या वस्तीत आणि गोष्ठीत मान असलेला आणि त्याच जोरावर पोट भरणारा. तो विकतो ती संगत आणि जिभेची चलाखी.

रिकामटेकडा
संपत्ती नाही, गप्पांत मान, दिवसभर मैफलीत. हा तर मीच. सहावा नंबर गेला वाटतं माझा शब्दांच्या नादात.

निमिष_क
मला मूळ मांडणीच पटलेली नाही. फरक घेणारा पुरुष की बाई यात नाही, देणारं कोण यात आहे. गिऱ्हाईक बाई असेल तर विनोद किंवा प्रेमकथा. गिऱ्हाईक पुरुष असेल तर शोकांतिका. प्रत्यक्षात बहुतेक गिऱ्हाइकं पुरुषच असतात आणि पडद्यावर बहुतेक वेळा बायका दिसतात. ही अदलाबदल का होते, याचा विचार करा.

'मिडनाइट काउबॉय' (१९६९) घ्या. हा एकच सिनेमा दोन्हीकडून जातो. त्याचा नायक जो बक टेक्ससमधून भांडी घासायचं काम सोडून काउबॉयच्या थाटात न्यूयॉर्कला निघतो. डोक्यात पक्कं की शहरातल्या पैसेवाल्या बायका आपली वाटच बघताहेत. पहिली बाई भेटते, तिच्या घरी जातो. नंतर अडखळत पैशाचं काढतो. ती आधी चकित, मग संतापते, मग हमसून रडायला लागते. हा गोंधळतो, तिची समजूत काढतो आणि शेवटी तिलाच टॅक्सीसाठी पैसे देऊन बाहेर पडतो! इथपर्यंत आपण हसतो. पुढे खिसा रिकामा झाल्यावर पुरुष गिऱ्हाइकं येतात आणि तिथून हसणं बंद. शहर तेच, टोपी तीच.

हॉलिवूडने त्याला 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) शिक्का मारला होता आणि त्याच शिक्क्यानिशी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही दिलं. असा मान मिळालेला तो एकटाच.

तिखटमीठ
त्या रडणाऱ्या बाईच्या भूमिकेत सिल्व्हिया माइल्स. पडद्यावर पाच-सहा मिनिटं असेल, तेवढ्यावर ऑस्करचं नामांकन. मला तो प्रसंग हसण्यासारखा कधीच वाटला नाही हो निमिष. तिला त्या क्षणी कळतं की आपण 'आवडलो' नव्हतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर विनोद आहे, तिच्या बाजूने पाहा एकदा.

निमिष_क
मान्य. या बाजूने बघितलं नव्हतं.

मध्यरात्र
निमिष यांच्या नियमाला 'बी. ए. पास' (२०१३) हा अपवाद. गिऱ्हाइकं बहुतेक बायकाच, आणि तरी विनोदाचा लवलेश नाही. नायकाचे आईवडील गेलेले, बहिणींची जबाबदारी, नातेवाइकांच्या घरी उपऱ्यासारखं राहणं. एक बाई त्याला आधी जाळ्यात ओढते आणि मग इतरांकडे पाठवायला लागते. शेवट सांगत नाही. त्यात पोराला बुद्धिबळाचं वेड आहे, आणि पटावरच्या चाली समजतात तेवढं आयुष्यातलं काहीच समजत नाही.

तो आणि 'देसी बॉइज' (२०११) एकामागोमाग पाहा. तिकडे मंदीत नोकऱ्या गेलेले दोघे धट्टेकट्टे नायक याच कामाला लागतात, पण गाणी, नाच, उघडी छाती आणि वर 'मर्यादा पाळू'. धंदा करायचा पण धंद्यातलं काही करायचं नाही. गरीब पोरगा असला की तो विकला जातो. स्टार असला की त्याची सुट्टी असते.

खवचट आजोबा
पोरांनो, तुम्ही सगळे १९६९ च्या अलीकडेच घुटमळताय. 'सनसेट बुलेव्हार्ड' पाहा. १९५०, बिली वाइल्डर. एक कंगाल पटकथालेखक एका विस्मरणात गेलेल्या मूकपटांच्या नटीच्या वाड्यात अडकतो. ती त्याला कपडे घ्यायला घेऊन जाते. कोट निवडायचा आहे. तो म्हणतो साधा उंटाच्या लोकरीचा चालेल. विक्रेता त्याच्या कानाशी वाकतो आणि हलक्या आवाजात सुचवतो, बाईसाहेबच देताहेत ना पैसे, मग त्याहून भारी व्हिकुन्याचाच का नको?

बस. एवढंच. एकही चावट शब्द नाही. त्या विक्रेत्याच्या डोळ्यांतली ओळख पाहून लेखक झालेल्या विल्यम होल्डनचा चेहरा पडतो तो पाहा. आपण काय झालोय हे माणसाला आरशात कळत नाही, दुकानदाराच्या आवाजात कळतं. पुढे सोन्याची सिगारेटपेटी येते, वगैरे वगैरे, आणि शेवटी पोहण्याच्या तलावात पालथा. (सिनेमा तिथूनच सुरू होतो, म्हणून रहस्य फोडल्याचा आरोप करू नका.)

अर्धविराम
आजोबा, आता मी तुमच्या पानात वाढतो. वाइल्डरला हे कुठून कळलं? स्वतः केलंय म्हणून. हॉलिवूडला जाण्याच्या कितीतरी आधी, विशीत, तो बर्लिनच्या एका हॉटेलात 'आइनटेन्झर' होता. म्हणजे एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला हॉटेलने ठेवलेला पुरुष. नंतर त्याने त्यावर वर्तमानपत्रात मालिका लिहिली, १९२७ मध्ये. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: 'वेटर, एक नाचणारा आणा!' जणू सोड्याची बाटली मागवताहेत.

रुडॉल्फ व्हॅलेंटिनोही सिनेमात येण्याआधी न्यूयॉर्कमध्ये असाच पैसे घेऊन नाचायचा. त्या काळी 'जिगोलो' म्हणजे आधी नाचाचा जोडीदारच. बाकीचं नंतर चिकटलं, किंवा पहिल्यापासून होतं पण बोलायचं नव्हतं.

सोनचाफा
मग ते गाणं आलंच पाहिजे! 'जस्ट अ जिगोलो' आपण ऐकतो ते लुई प्रिमाचं (१९५६) नाहीतर डेव्हिड ली रॉथचं (१९८५). दोन्ही टाळ्या-ट्रम्पेटवाली, पार्टीतली. पण मूळ जर्मन गाणं आहे, युलियस ब्रामरचे शब्द, लिओनेलो कासुचीची चाल, १९२० च्या दशकातलं. त्यातला माणूस हुसार आहे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या घोडदळातला अधिकारी. पहिलं महायुद्ध हरले, साम्राज्य गेलं, गणवेशाची किंमत गेली. आता तोच माणूस पैसे घेऊन नाचतो. सुंदर जिगोलो, बिचारा जिगोलो, असं त्याला म्हटलंय. टँगो आहे, आणि रडवणारा आहे.

इंग्रजीत आलं तेव्हा आयर्व्हिंग सीझरने त्याला पॅरिसला नेलं. ऑस्ट्रिया गेली. मग प्रिमाने त्याला दुसरं एक गाणं जोडून मस्ती केली, रॉथने त्यावर कडी केली. साळुंकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या एका गाण्याच्या प्रवासात दिसतं. करुणा होती. दर पिढीला थोडी थोडी सांडत गेली.

साळुंकी
सोनचाफा, काय लिहिलंय! जर्मन रूप शोधून ऐकते. आणि पटलंच हे. म्हणजे त्या पुरुषाचं दुःख 'अब्रू गेली' हे नव्हतंच, 'हुद्दा गेला' हे होतं. बाईच्या गोष्टीत शील जातं, पुरुषाच्या गोष्टीत नोकरी जाते. तसं पाहिलं तर 'देसी बॉइज'ही नोकरी गेल्याचाच आहे की. आणि ती अमेरिकन मालिका, 'हंग' (२००९ ते ११). डेट्रॉइटकडचा शाळामास्तर, बास्केटबॉल शिकवणारा, बायको सोडून गेलेली, घराला आग लागलेली. त्याची दलाल कोण तर एक धडपडणारी कवयित्री!

खवचट आजोबा
कवयित्रीला दलालीत तरी पैसे मिळाले असतील अशी आशा.

संपादक
वरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धाग्याचा विषय पाहून नव्याने नोंदणी केलेल्या सदस्यांनी 'कॉल बॉय व्हा, घरबसल्या भरपूर कमवा' छापाचे फोन नंबर देऊ नयेत. जुन्या सदस्यांनी ते नंबर व्यक्तिगत निरोपातून मागू नयेत. (होय, दोघांनी मागितले आहेत.)

रिकामटेकडा
मी नाही त्यात. शपथ.

धुकट
संपादकांच्या प्रतिसादामुळे लिहायला बसलो, नाहीतर नुसता वाचक होतो.

माझा मावसभाऊ या जाळ्यात सापडला होता. नाव-गाव काही सांगत नाही. बी.कॉम., नोकरी नाही, व्यायामशाळेत जायचा. फोनवर संदेश आला. सोबत एक फोटो: काळा सूट, मनगटावर मोठं घड्याळ, चेहरा कापलेला, मागे हॉटेलची खोली. साळुंकी, तुम्ही लिहिलेल्या त्या कोटांच्या प्रसंगाची स्वस्तातली नक्कलच. मजकूर असा की श्रीमंत घरच्या बायकांना सोबत हवी आहे, एका भेटीत महिन्याचा पगार. आधी नोंदणी शुल्क. मग ओळखपत्राचे. मग वैद्यकीय तपासणीचे. मग 'मॅडम निघाल्या आहेत, हॉटेलची अनामत भरा.' दर वेळी रक्कम आधीच्यापेक्षा मोठी, आणि दर वेळी 'हे शेवटचे'. मॅडम आल्याच नाहीत. मॅडम नव्हत्याच.

पुढचं जास्त वाईट. त्याने थांबवल्यावर धमकी आली की तुझे फोटो आणि हे सगळं बोलणं घरच्यांना पाठवतो. त्याने आणखी दोनदा पैसे दिले. मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता, फोनचं कव्हर काढत होता आणि परत लावत होता. तक्रार करू म्हटलं तर म्हणाला, 'काय सांगू दादा तिथे, मला काय व्हायचं होतं ते?'

गुन्हेगारांचा सगळा भरवसा या वाक्यावर आहे. आधी हाव, आणि नंतर हसं होण्याची भीती. तो जो बक न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसतो ना, तेव्हा मला सिनेमा पुढे बघवला नाही.

तिखटमीठ
धुकट, लिहिलंत हे बरं केलंत. मी पहिल्या प्रतिसादात माशाचा विनोद केला, आता तो जरा टोचतोय.

निमिष_क
धुकट, भाऊ आता बरा आहे ना?

धुकट
बरा आहे. गोदामात हिशेब बघतो. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

मध्यरात्र
यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ती 'वाट बघणारी श्रीमंत बाई'. ती बहुतेक सिनेमानेच जन्माला घातली आहे. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मध्ये (१९६१) नायक लेखक, त्याला एका इंटिरियर डेकोरेटर बाईने पोसलेलं, ती जाताना टेबलावर पैसे ठेवून जाते. ट्रुमन कपोटीच्या मूळ लघुकादंबरीत हे काही नाही. पडद्यासाठी घातलंय. का घातलं असेल? पुरुषांच्या पैशावर जगणाऱ्या नायिकेला, होलीला, आणि त्याला एकाच पातळीवर आणायला, असं मला वाटतं. दोघंही 'ठेवलेले', मग दोघांनी मिळून सुटायचं.

सोनचाफा
जपानकडे बघायचं राहिलं. तिथल्या होस्ट क्लबांत ही बाई खरोखर आहे, पण श्रीमंत असेलच असं नाही. होस्ट म्हणजे केस फुगवलेला, सुटातला तरुण. विकतो ते गप्पा, कौतुक आणि भरमसाट किमतीची दारू. २००६ चा एक माहितीपट आहे, 'द ग्रेट हॅपिनेस स्पेस', ओसाकातल्या एका क्लबवर. पहिला अर्धा तास वाटतं, वा, इथे बायका राण्या आहेत. मग एकेक मुलगी सांगायला लागते की इथे उधळायला पैसे कुठून आणते, आणि कळतं की त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःच देहविक्रय करतात. दुसऱ्यांना दिवसभर विकलेलं प्रेम रात्री इथे विकत घेतात. होस्टही तितकेच थकलेले, दारूने आतडी जळालेली.

उधारीवर दारू पाजून मुलींना कर्जात बुडवण्याचे प्रकार इतके वाढले की प्रेमाचा देखावा करून पैसे उकळण्याविरुद्ध २०२५ मध्ये तिथे कायदा कडक करावा लागला. आणि याच होस्ट क्लबवर शाळकरी मुलांची गोड-गुलाबी कॉमिक मालिकाही आहे, माझ्या भाचीचं पान तिच्याशिवाय हलत नसे!

दर्यावर्दी
बऱ्याच दिवसांनी इथे आलो. अर्धविराम यांनी नाचणाऱ्याचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

मी काही वर्षं प्रवासी जहाजावर कामाला होतो, खानपान विभागात. जहाज आणि कंपनी राहू द्या. तिथे 'डान्स होस्ट' नावाची मंडळी असत. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांबरोबर नाचायला, पत्ते खेळायला, जेवणाच्या टेबलावर जागा भरायला ठेवलेले पुरुष. बहुतेक साठीच्या पुढचे, निवृत्त, विधुर किंवा घटस्फोटित. पगार नावाला, काहींना तोही नाही. प्रवास आणि राहणं-खाणं हाच मोबदला.

नियम मात्र कडक. एकीबरोबर लागोपाठ नाचायचं नाही. सगळ्या टेबलांवर फिरत राहायचं. कुणाच्या केबिनमध्ये पाऊल टाकायचं नाही, टाकलं की पुढच्या बंदरावर खाली. म्हणजे कामाचा गाभाच असा की कुणी आवडती होता कामा नये. एक गृहस्थ मला चांगले आठवतात. रात्री उशिरा आमच्याकडे येऊन बर्फ मागायचे. आधी वाटलं पिण्यासाठी. नंतर कळलं की बादलीत बर्फाचं पाणी करून त्यात पाय सोडून बसतात. एका रात्रीत तीन शर्ट बदलायचे, घामाचा वास येऊ नये म्हणून, आणि बुटांना गुळगुळीत चामड्याचे तळ लावून घेतलेले. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही? म्हणाले, नाचायचा नाही येत. एकच गोष्ट रोज पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचा येतो.

ती 'गोष्ट' म्हणजे बहुतेकींचा नवरा कसा गेला ती असे.

साळुंकी
दर्यावर्दी, हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ तशीच बसून राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी सुरुवातीला म्हटलं की सिनेमाला या पुरुषाकडे बघायला जमत नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचून मला वाटतं की त्याला पुरुष म्हणून सिनेमा भरपूर बघतो, कामगार म्हणून बघत नाही. पाय बर्फात सोडलेला जिगोलो कुणी दाखवला नाही.

जवळ आलेला एकच सिनेमा मला माहीत आहे, 'गुड लक टू यू, लिओ ग्रँडे' (२०२२). जवळजवळ सगळा एका हॉटेलच्या खोलीत. एमा थॉम्पसन निवृत्त शिक्षिका, विधवा, आयुष्यात कधी सुख न मिळालेली, यादी करून आलेली. लिओ तरुण, शांत, कामात निष्णात. सगळं छान चाललेलं असताना ती त्याचं खरं नाव शोधून काढते आणि कौतुकाने त्याला ते सांगते. तो उखडतो. इतका वेळ अंगाला अंग लावून देणारा माणूस नावाला हात लावल्यावर उखडतो! मला ते फार खरं वाटलं. शरीर कामावर आणलं होतं, नाव घरी ठेवलं होतं.

तिखटमीठ
सहमत. पण एक खोट आहे त्यात. लिओ फारच निर्दोष आहे. कधी कंटाळत नाही, त्याचं अंग दुखत नाही, त्याला एकही गिऱ्हाईक किळसवाणं वाटत नाही. बाईने लिहिलेला आणि बाईनेच दिग्दर्शित केलेला आहे म्हणून मला जास्त प्रेम आहे, तरी म्हणते, तिकडे पुरुषांनी 'सोन्याच्या काळजाची वेश्या' केली, इकडे आपण सोन्याच्या काळजाचा लिओ केला. फिटंफाट.

निमिष_क
मग 'माय ओन प्रायव्हेट आयडाहो' (१९९१) विसरू नका. रस्त्यावर धंदा करणाऱ्या पोरांचा सिनेमा. त्यातल्या रिव्हर फिनिक्सच्या पात्राला झोपेचा आजार आहे, भर रस्त्यात कोसळतो. तिथे अंग दुखतं, थंडी वाजते. मधेच हॉटेलात बसून काही पोरं आपला पहिला अनुभव सांगतात. अभिनय वाटतच नाही. आणि एका दुकानात मासिकांच्या मुखपृष्ठांवरचे पुरुष जिवंत होऊन आपापसात गप्पा मारायला लागतात. त्यातला एक अगदी सहज, दुकानातल्या नोकरासारखा धंद्याबद्दल बोलतो. साळुंकी, तुमचा 'कामगार' बहुतेक तिथे सापडेल.

साळुंकी
आज रात्रीची सोय झाली. दर्यावर्दी, एक विचारू? त्या गृहस्थांवर सिनेमा काढायचा तर कुठून सुरू कराल?

दर्यावर्दी
सकाळपासून. सकाळी ते बायकोला पत्र लिहायचे. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. टपालपेटीत टाकायला मीच घेऊन जायचो, पत्ता त्यांच्या स्वतःच्याच घरचा असायचा.

शब्दखूळ
...

रिकामटेकडा
सहावा नंबर कधीच होऊन गेलाय, पण आता नको. लिहिलं होतं ते खोडलं.

खवचट आजोबा
दर्यावर्दी, वेगळा धागा काढा. आणि लवकर काढा, माझं वय बघून.